कोटी वर्षांचा डिंक

मी एकदा साजूक तुपात दागिना तळला.

बायको, विद्या, लेकीच्या बाळंतपणाला सिएटलला गेली होती आणि अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मॉरिसव्हिलच्या घरात मी एकटा. "मीपण येतो," म्हणालो होतो. त्यावर आमची रेवा फोनवर म्हणाली, "बाबा, आईला एका वेळी एकच बाळ सांभाळू दे ना!" सगळे हसले. मीही हसलो. (आणि एअरपोर्टवरून एकटाच ड्राइव्ह करत परत आलो.)

घर खायला उठलं. भाजी चिरताना मी भेंडीशी गप्पा मारायला लागलो, तेव्हा ठरवलं, आता आपला उपयोग सिद्ध करायचा. बाळंतिणीला डिंकाचे लाडू पाठवायचे! ते खाल्ले की रेवा म्हणणारच, "बाबांना बोलावून घे."

सरप्राइज असल्यामुळे विद्याला विचारलं नाही. तूरडाळीच्या मागे स्टीलचा डबा सापडला. आत पिवळे-तांबूस खडे. हाच डिंक! भाजीच्या वाफेने धूसर झालेला चष्मा मी काढून ठेवला होता. खडे हाताला जरा नक्षीदार लागले. (अमेरिकेतला डिंक, फिनिशिंग असणारच!)

व्हिडिओतल्या काकू म्हणाल्या, "डिंक टम्म फुगेपर्यंत तळा." माझा फुगेना. आच वाढवली. आणखी वाढवली. स्वयंपाकघरात देवळातल्या धुपासारखा वास सुटला आणि स्मोक अलार्म किंचाळायला लागला. खरं सांगतो, घरात माझ्याशिवाय कुणाचा तरी आवाज आला म्हणून क्षणभर बरंच वाटलं!

तेवढ्यात विद्याचा व्हिडिओ कॉल.

"अहो, धूर कसला?"

"डिंकाचे लाडू करतोय."

"डिंक कधीच संपलाय! कुठला घेतलात?"

"तूरडाळीच्या मागचा."

"चष्मा लावा. आणि झारा कॅमेऱ्यासमोर धरा."

धरला. काळवंडलेल्या मण्यांवर इवली इवली कमळं कोरलेली होती.

विद्याने पहिल्या पगारात घेतलेली, कोरीव चिनी ॲम्बरची जुनी माळ! दोरा तुटल्यामुळे मणी सुटे होते. बारशाला ती रेवाच्या गळ्यात घालायची होती. डाळीमागे चोर बघत नाही, म्हणून तिथे ठेवलेली. (चोराने नाहीच बघितलं.)

"ॲम्बर म्हणजेसुद्धा डिंकच गं," मी चाचरत म्हणालो. "झाडाचाच. फक्त कोट्यवधी वर्षांपूर्वीचा."

मग माझ्याच तोंडून निघालं, "मला तिकडे यायचं होतं. कुणी बोलावेना."

विद्याने मान फिरवली. डोळे पुसले असावेत. मग ओरडली, "रेवा, बाबांचं तिकीट काढ! आजच!"

"म्हणजे माझा उपयोग होईल?"

"उपयोग कसला! तुम्हाला एकटं ठेवणं परवडत नाही!"

बारशाला रेवाने तीच माळ नव्याने ओवून घातली, काळ्या डागांसकट. माळेला अजून तुपाचा वास येतो.

इथे रेवाच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या कपाटांना लहान मुलांसाठीची कुलपं आहेत. मी यायच्या आदल्या दिवशीच लावली म्हणे. बाळ तर अजून कुशीवरही वळत नाही!