पियानो तिचा, बोटं माझी

"तू पडद्यामागे बस. पुढे रिया बसेल," सर म्हणाले. मी चांगली साडी नेसून, तयार होऊन आले होते.

गंगापूर रोडवरच्या एका लॉन्समध्ये कार्यक्रम होता. रिया लॉन्सच्या मालकांची मुलगी, सरांच्या पियानो क्लासची विद्यार्थिनी. स्टेजवरच्या डिजिटल पियानोचा आवाज बंद. तिने नुसती बोटं हलवायची आणि मी पडद्याआडून कीबोर्ड वाजवायचा, असं ठरलं होतं. मला न विचारता.

"सर, हे जॅझ मी बसवलंय."

"वाजवणार तूच आहेस ना? मग झालं. इथले लोक वेगळे आहेत गं. हा तुमच्या जयंतीचा ऑर्केस्ट्रा नाही."

अंगाची लाही लाही झाली. हो, जयंतीच्या ऑर्केस्ट्रातच शिकले मी. विहारासमोर, भीमगीतांना साथ करत. त्यात लाज कसली? तरी पडद्यामागे जाऊन बसले. क्लासमध्ये मी लहान मुलांना शिकवायचे, आणि दुपारी रिकाम्या वेळात सर मला तिथला पियानो वाजवू द्यायचे. दुसरीकडे कुठे मिळणार होता? त्या पियानोपायी किती गिळलं मी. चहाचा वेगळा कपसुद्धा.

याच सरांनी एकदा क्लासमध्ये अमेरिकेतल्या एका काळ्या बाईचं जुनं जॅझ ऐकवलं होतं. सगळ्या पुरुषांच्या बँडमध्ये ती एकटी पियानोवर. ज्या हॉटेलात वाजवायची, तिथे तिला मागच्या दाराने आत घ्यायचे. हे सांगताना सरांनी रुमालाने डोळे पुसले होते. तिकडच्या बाईसाठी यांना रडू येतं!

कार्यक्रम सुरू झाला. मी वाजवत होते, साथीला ड्रमवाला होता, पुढे रिया मान डोलवत होती. टाळ्या तिला. मग ती जागा आली. जॅझमध्ये अशी एक जागा असते, तिथे बसवलेलं काही नसतं. वाजवणाऱ्याने आपल्या मनातलं वाजवायचं. म्हणजे आता माझं मनही हिच्या नावावर?

मी हात उचलले.

ड्रम एकटाच वाजत राहिला. पडदा सारून मी पुढे आले, तेव्हाही रियाची बोटं हलतच होती. लोक हसायला लागले. मला तिची कीव आली नाही.

सर दात-ओठ खात जवळ आले. "उद्यापासून क्लासला यायचं नाही. पियानोला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

पियानो गेला. अजून दुसरा मिळालेला नाही. रोज बोटं तळमळतात, रडूही येतं. पण आता ज्याला माझं वाजवणं हवं असेल, त्याने मला सगळ्यांसमोर बसवायचं आणि माइकवर माझं नाव घ्यायचं. आडनावासकट.