नमुन्याशिवाय घेतलेला फिल्टर

"ऑइल अन् फिल्टर बदलायला शोरूम कशाला लागतंय?" मामा, म्हणजे माझे सासरे, जेवता जेवता म्हणाले, आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. वाक्य साधंच होतं. पण अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून, म्हणजे जवळजवळ वर्षभरात, त्यांनी आपणहून काढलेलं ते पहिलं वाक्य.

झटक्याआधीचे मामा ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना याचं महत्त्व कळायचं नाही. बसच्या डेपोतल्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म गेलेला माणूस. इंजिनापेक्षा वरच्या पट्टीत बोलायची सवय. मी गाडी मागे घ्यायला लागले की गच्चीवरून ओरडायचे. कुकरची शिट्टी मनासारखी वाजली नाही तर ताटावरून उठून ती खोलून बसायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांचा भयंकर राग यायचा. माझ्याही नाकावर राग असतोच, त्यामुळे आमची चांगली वाजायची. पुढे त्या वाजण्याची सवय झाली. मग झटका आला, उजव्या हाताची पकड गेली, आणि हा माणूस एकाएकी गोड झाला. चहा दिला की, "कशाला तरास घेतीस?" हात धरून बाथरूमपर्यंत नेलं की, "लई करतीस बाई माझं." स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे राहायला लागले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्याकडे सुंभ दिसायला धड होता आणि पीळ तेवढा गेला होता. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आता कसं शांत हाय घर." सांगताना मात्र त्यांचं लक्ष भलतीकडेच असायचं.

त्या दिवशी मी शोरूमच्या नावानं बोटं मोडत होते. सर्व्हिसिंगला तारीखच मिळत नव्हती. त्यावर मामांचं ते वाक्य आलं. पुण्याहून नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "शोरूमलाच टाक. नव्या गाड्यांत उगीच हात घालू नका." त्याचंही खरं होतं. मी अक्कलकोटच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात औषधं देते. रोजचं जाणं-येणं या गाडीवर. वॉरंटी नुकतीच संपलेली. मामांचा हात चालत नव्हता. सगळी कारणं 'नको' म्हणायचीच होती. तरी मी फोन ठेवला आणि मामांना विचारलं, "मग कधी करायचं?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. त्या बघण्यासाठी मी माझी गाडी पणाला लावली होती, आणि ते मला पुरतं ठाऊक होतं.

आमच्याकडे गाडीचा कुठलाही पार्ट आणायची एकच रीत. जुना खोलायचा, वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि दुकानात नेऊन काउंटरवर ठेवायचा. याला नमुना म्हणतात. दुकानदार नमुना हातात घेतो, मागे जातो आणि त्याचा जुळा भाऊ घेऊन येतो. नंबरबिंबर काही विचारायचं नाही. मामांनी आयुष्यभर अशीच खरेदी केली. सासूबाईंच्या चष्म्याची काडीसुद्धा त्यांनी नमुना दाखवून आणली. पण या गाडीचे आधीचे फिल्टर शोरूमवाल्यांनी बदलले आणि तिकडेच टाकून दिले. जुना फिल्टर आमच्यापैकी कुणी पाहिलाच नव्हता. म्हणून आम्ही दोघं रिकाम्या हातानं दुकानात उभे राहिलो.

"काका, नमुना?" दुकानदारानं विचारलं.

"न्हाय. गाडी नवी हाय."

त्यानं गाडीचं नाव विचारलं आणि दोन बंद खोकी समोर ठेवली. "ह्या नावाला दोन येतेत बघा. चेसिस नंबर असला तर सांगा की, लगेच कळतंय."

"नंबर कशाला? माल हातात घेतला की कळतो."

मामांनी डाव्या हातात एक खोकं घेतलं, वरखाली केलं आणि बाजूला सारलं. "ह्यात कायबी न्हाय. हलकं हाय." दुसरं घेतलं, तेही तसंच तोललं, मग मला उघडायला लावलं. आत काळ्या रंगाचा पत्र्याचा डबा होता. त्यांनी त्यावर बोटानं टिचकी मारली, तोंडाच्या रबराचा वास घेतला, आतले आटे अंगठ्यानं चाचपले. "ह्याला म्हन्त्यात फिल्टर. वजनदार."

माझा सगळा दिवस याच कामात जातो. एकाच नावाची गोळी, ताकद वेगळी. पाकीट सारखं दिसतं म्हणून मी कधी कुणाच्या हातावर गोळी ठेवत नाही. नंबर बघू या, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात मामा दुकानदाराशी वाद घालायला लागले, हल्लीच्या पत्र्याला जाडीच राहिली नाही म्हणून, आणि त्यांचा आवाज चढला. शेजारच्या दुकानातला माणूस वळून बघायला लागला. तो आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. मी डब्याचे आणि नव्या ऑइलचे पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, गाडीची पुढची चाकं शहाबादी फरशीच्या तुकड्यांवर चढवली. खाली पोतं अंथरून मी गाडीखाली शिरले. मामा वरून हुकूम सोडत होते. "आधी ऑइल, मग फिल्टर. पाना नीट बसव. चेहरा बाजूला घे, गरम असतंय." ऑइल टोपात उतरलं. नटाला वायसर घालून मी तो परत बसवला आणि मग फिल्टर शोधायला लागले.

"मामा, इथं डबा दिसत नाही."

"नीट बघ की. डोळं कुटं हायत?"

"खरंच नाही."

ते बॉनेटमध्ये वाकले. मी बाहेर येऊन पाहिलं. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, अगदी वरच्या बाजूला प्लास्टिकचं एक काळं झाकण होतं, डोक्यावर षटकोनी नट असलेलं. पत्र्याचा डबा जिथं फिरवून बसवायचा असं आट्यांचं तोंड कुठंच नव्हतं. मामांनी आणलेला डबा डाव्या हातात धरून ठेवला होता आणि तो बसवायला जागा नव्हती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. आवाज एकदम मऊ. "तुझी गाडी घालवली म्या. शोरूमवाल्यांना फोन लाव, उचलून न्हेतील. आता आपल्याला ह्यातलं कळत न्हाय बाई." डबा त्यांनी बॅटरीवर ठेवला आणि भिंतीला धरत धरत घरात गेले.

गाडीत ऑइलचा थेंब नव्हता आणि दुसऱ्या दिवशी मला ड्युटीला जायचं होतं. पण खरं सांगते, माझं डोकं फिरलं ते त्या मऊ आवाजानं. त्यांच्यामागोमाग तेलकट हातांनी मी आत गेले आणि चक्क ओरडले, "चुकलं तर चुकलं! माझ्यावर ओरडा, कंपनीला शिव्या द्या, काहीतरी करा! गुमान काय बसताय?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "फरशीवर तेल सांडू नको, नळाला पानी यायला अजून दोन दिवस हायत." मामा खुर्चीत बसून हात जोडल्यासारखं करून हसले. त्या हसण्यानं मला रडूच यायला लागलं, म्हणून मी बाहेर पडले.

चेसिस नंबरचा फोटो मोबाइलमध्ये काढला आणि रिक्षा केली. दुकान सुट्टीच्या दिवशीही दुपारपर्यंत उघडं असतं. दुकानदारानं नंबर टाकून पाहिला आणि म्हणाला, "ताई, ह्या गाडीत दोन तऱ्हेची इंजिनं येतेत, जुनं आन् नवीन. तुमचं नवीन इंजिन हाय." मग त्यानं फळीवरून काढलं ते आदल्या दिवशी मामांनी बाजूला सारलेलं हलकं खोकं.

घरी आल्यावर मी थेट आत गेले. खोकं मामांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते दातांनी फाडलं. आतून निघाला पिवळट कागदाच्या चुण्यांचा एक नळा, त्याला ना पत्रा ना आटे, आणि सोबत एक मोठी रबरी रिंग. मामा त्याच्याकडे बघत राहिले. चुण्यांवरून अंगठा फिरवला.

"अगं, हे तर एलिमेंट हाय!"

"म्हणजे?"

"मी डेपोत लागलो तवा समद्या गाड्यांना हेच असायचं. लोखंडाचं वाडगं, त्यात ह्यो कागद. वाडगं खोलायचं, डिझेलनं धुवायचं, कागद बदलायचा, रिंग बदलायची. डब्याचं फिल्टर मागनं आलं. ह्या लबाडांनी वाडगं प्लास्टिकचं केलं आन् नवीन म्हनून इकलं!" मग ते थांबले. "काल म्या ढकललं ते हेच व्हय?"

"हेच."

"मग तू बोलायचं न्हाय का? दवाखान्यात गोळ्याबी अशाच डोळं झाकून देतीस काय?"

मला संताप आला. इतका छान संताप मला वर्षभरात आला नव्हता. "तुम्हीच म्हणालात, आत काही नाही म्हणून!" मी म्हटलं, तोवर ते उठून निघालेही होते.

झाकणाला लागणारा पाना त्यांच्या पेटीत होता. त्याला लांब दांडी लावून डाव्या हातानं त्यांनी झाकण सैल केलं. जुना कागद काळाकुट्ट झाला होता. नवीन रिंगला मी हात लावणार, तर म्हणाले, "थांब. आधी जुनी काढली का बघ. दोन रिंगा बसल्या तर समदं ऑइल रस्त्यावर." जुनी रिंग खरोखरच खाचेत चिकटून होती. त्यांनी ती नखानं उचलली, खाच कापडानं पुसली, नव्या रिंगला बोटानं ऑइल लावलं आणि मला ती खाचेत बसवायला सांगितलं. झाकण त्यांनीच आवळलं. डबा असता तर तो दोन्ही हातांच्या पकडीनं आवळावा लागला असता, आणि ती पकड त्यांच्याकडे नव्हती. हे मला तिथं उभी असताना कळलं. त्यांना बहुतेक आधीच कळलं असावं, कारण पाना काढल्यावर त्यांनी डावा हात एकदा उघडून पाहिला.

नवं ऑइल ओतलं. आता गाडी चालू करून खाली थेंब पडतो का ते बघायचं होतं.

"मी बघते खाली," मी म्हटलं.

"तू चालू कर. मी बघतो."

चाकाला धरून ते खाली बसायला लागले. मी सवयीनं त्यांचा दंड धरला.

"हात सोड."

वर्षभराची सवय, माझा हात सुटेना.

"सोड म्हनलं की!" ते असे ओरडले की समोरच्या घराची खिडकी उघडली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी हात सोडला. बसताना त्यांचा तोल गेला, डावा हात जमिनीवर टेकला, पण ते बसले. मी आत जाऊन गाडी चालू केली. खालून आवाज यायला लागला, "रेस दे. आजून दे. बास. थेंब न्हाय."

गाडी बंद करून मी उतरले तेव्हा ते उठायच्या खटपटीत होते. एकदा उठले, परत बसले. दुसऱ्यांदा गुडघ्यावर आले आणि तिथंच धापा टाकत थांबले. माझ्या शेजारी सासूबाई येऊन उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी पुढं होऊ नये म्हणून त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.