आवाज तुटला तिथून पुढं

नसीमाआपा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी हर्सूलच्या घरात सकाळच्या भाकरी थापायला बसत होते. त्यांचा मुलगा इम्रान बोलत होता. "मावशी, अम्मी गेली... पहाटे फजरच्या नमाजला उठली, हात-तोंड धुऊन वजू केलं, जरा दम लागला म्हणून खुर्चीत बसली... उठलीच नाही." मी "येते" एवढंच म्हणाले. परातीत काढलेलं पीठ परत डब्यात ओतलं, गॅस बंद केला आणि तशीच रिक्षात बसले. दुपारी जोहरच्या नमाजनंतर दफन झालं. या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेलेत, तरी कुठली चाल कानावर पडली की वाटतं, ही आपांना ऐकवायला पाहिजे.

आमची ओळख शाळेतली. संभाजीनगरच्या जुन्या शहरात मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायचे, त्या संगीत. त्या माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, म्हणून सगळ्यांसारखी मीही 'आपा'च म्हणायला लागले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी जात्यावरच्या ओव्यांचा धडा आला. मुली जांभया द्यायला लागल्या, तेव्हा मी संगीताच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "आपा, या ओव्यांना एखादी चांगली चाल लावून द्या ना." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू कन्नड तालुक्यातली ना? तुझी अम्मी दळायची की नाही? मग चाल मला काय मागतेस? तूच गा." मला गाता येत नाही, तरी आई गुणगुणायची ते मी कसंबसं म्हणून दाखवलं. त्यांनी पेटी ओढली आणि तेच सूर वाजवले. मग लय वाढवली, पेटीच्या फळीवर बोटांनी ठेका धरला आणि म्हणाल्या, "हे बघ, तुझी अम्मी तमाशाच्या फडावर उभी राहिली." मी हसायला लागले. मग तीच चाल एकदम संथ केली, एका सुरावरून दुसऱ्यावर गळ्यानंच घसरत गेल्या... पेटीला ते जमत नाही, असंही सांगितलं... आणि म्हणाल्या, "आता ती उस्तादांच्या बैठकीत बसली." शेवटी डोळे मिटून, छातीवर हलकेच हात ठेवत, शब्दांशिवायच गायल्या. "आणि ही माझी दादी. मुहर्रमला रडायची ती. शब्द निराळे, गाऱ्हाणं निराळं, पण खाली उतरायची पायरी बघ... एकच आहे की नाही?"

सगळ्या चाली सारख्याच असतात असं मात्र त्यांनी कधी म्हटलं नाही. उलट चाल तशी का झाली याचं त्यांना फार कुतूहल. दळणारीचा दम जात्यात जातो, म्हणून ओवी तीन-चार सुरांतच फिरते. जुन्या नाटकातलं पद उंच चढतं, कारण तेव्हा माईक नव्हता आणि शेवटच्या रांगेतल्या माणसानंही तिकीट काढलेलं असायचं. सिनेमाच्या गाण्याला तीन-चार मिनिटांत काम उरकायचं, म्हणून मुखडा पहिल्याच ओळीत माणसाला धरतो. मुली मोबाइलवरची नवी गाणी आणायच्या. त्यात ठेकाच जास्त, बाकी नुसतं बोलणं. मला वाटायचं, आता आपा वैतागणार. पण त्या कान लावून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "थांबा, ओळीच्या शेवटी पोरगा जरासा खाली आला. परत लावा." त्या जराशा खाली येण्यावर त्यांचा अख्खा तास जायचा.

मग त्यांच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन करावंच लागलं. गाठ साधी निघाली, पण आवाजाची नस दुखावली गेली. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. जीव वाचला म्हणून इम्राननं पेढे वाटले. आपांच्या तोंडून मात्र घोगरी कुजबूज तेवढी निघायची. जरा वर जायला गेलं की आवाज चिरकायचा आणि मध्येच तुटायचा. त्यांनी पेटीवर चादर टाकली, शाळेत रजा टाकली. घरात टीव्हीसुद्धा लावू देईनात. मी जायचे, समोर बसायचे, चहा घ्यायचे. एकदा म्हटलं, "आपा, बोटं आहेत ना अजून? पेटी वाजवा." त्या इतक्या हळू बोलल्या की मला पुढं वाकावं लागलं. "वंदना, बोटांना श्वास नसतो."

त्याच हिवाळ्यात माझ्या आईला पक्षाघात झाला. तिला कन्नडहून संभाजीनगरला आणलं. उजवी बाजू लुळी पडली, आणि त्याहून वाईट म्हणजे बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं समजायचं, पण 'व्हय' आणि 'नाय' सोडून शब्द येईना. लई बोलकी बाई. आठवडी बाजारात भाजीवालीशी भांडायची आणि जाताना तिच्याच पोराला खाऊ द्यायची. ती आता पाणी हवं असलं तरी नुसती हात आपटायची आणि डोळ्यांतून पाणी काढायची.

दवाखान्यातून घरी आणल्यावर आपा तिला बघायला आल्या. ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदाच कुणाच्या घरी गेल्या असाव्यात. पलंगाशेजारी बसल्या. बोलायला दोघींनाही येईना. मला तर ते बघवेना, म्हणून चहाचं निमित्त करून मी उठले. आपांनी आईचा डावा हात हातात घेतला आणि तिच्या तळव्यावर बोटांनी गोल गोल फिरवायला लागल्या, जातं फिरतं तसं. आणि मग, मला आजही खरं वाटत नाही, त्या फाटलेल्या आवाजात त्यांनी ओवीची ती चाल धरली. शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं. दुसऱ्या ओळीत चाल थोडी वर जाते, तिथं त्यांचा आवाज चिरकला आणि तुटला. आपांनी मान खाली घातली... आणि तेवढ्यात आईनं तो सूर उचलला. जड जिभेनं, अर्धे शब्द गिळत, पण शब्दांसकट.

"बंधवाची सावली गं, आली पुढं न्यायाला..."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आई माझ्याकडं बघून हसली, अर्ध्या तोंडानं. आपांचे खांदे हलत होते. मग त्या म्हणाल्या, "मी पूर्ण केलं असतं ना, तर ही बोललीच नसती."

त्यानंतर त्या वरचेवर यायला लागल्या. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, बोलणं गेलेल्या माणसाला कधी कधी गाता येतं, चालू ठेवा. आपांनी ओवीच्या चालीत रोजची वाक्यं बसवली. "पाणी दे गं मला" आधी गाण्यात आलं, मग हळूहळू चाल पुसट होत गेली आणि नुसतं वाक्य उरलं. सगळं काही परत आलं नाही. पण आई सुरात माझ्यावर ओरडायला लागली, "भाजीत मीठ नाय गं वंदे," आणि आपा पोट धरून हसायच्या. आई त्यानंतर तीन वर्षं जगली. शेवटपर्यंत आपांना म्हणायची, "तू माझी पाठची हायेस."

आणि आपा शाळेत परतल्या. पेटीवरची चादर निघाली. मुलींना त्या आपल्या फाटक्या आवाजातच शिकवायच्या. आवाज तुटला की थांबायच्या आणि हातानं खूण करायच्या, आता तुम्ही. लाजऱ्या मुलीसुद्धा गायला लागल्या, कारण बाईंना मध्येच सोडून कसं चालेल? निवृत्तीच्या दिवशी त्यांनी एकच ओळ सुरू केली आणि मुद्दाम लवकर थांबल्या. पुढचं सगळं मुलींनी म्हटलं.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. इम्रानला सुट्टी होती. तो शेंद्र्याला कंपनीत असतो. दिवसभर मशीनचा आवाज. गाण्याचा त्याला लहानपणापासून कंटाळा, आपा थट्टेनं त्याला 'बहिरा' म्हणायच्या. आम्ही त्यांच्या खिडकीशी बसलो होतो. खाली गल्लीतून कांदे-बटाट्याचा हातगाडीवाला चाचा ओरडत गेला. इम्रान बोलता बोलता थांबला. त्यानं मान जराशी तिरकी केली, अगदी आपा करायच्या तशी.

"मावशी, चाचाचा सूर आज बसलाय," तो म्हणाला. "रोज शेवटाला वर नेतो. तब्येत बरी नसंल."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. तो उठला, पायांत चपला सरकवल्या आणि विचारायला खाली गेला.