गोल्फच्या मैदानावर लग्नाची सवय

मंडळी, आज सकाळी पूजा आटोपून मी पहिल्यांदाच गोल्फ स्पर्धेचे फोटो काढायला गेलो. देवासमध्ये मी आजवर फक्त लग्नांचेच फोटो काढले आहेत.

पहिल्या खेळाडूने काठी उगारली आणि सवयीने मी बोललो, "सर, एक मिनिट, इधर देखिए." चेंडू झाडीत गेला.

"भिया, ये वरमाला नहीं है, दुबारा नहीं होगी," तो म्हणाला. सगळे हसले.

मग आयोजकांनी मला दोरीमागे उभे केले. चेंडू सुटेपर्यंत हलायचे नाही, बटण दाबायचे नाही. दुपारपर्यंत मी तिथेच अडकून होतो आणि त्या खेळाडूचे वाक्य डोक्यातून जात नव्हते.

लग्नात मी फोटोसाठी मंगळसूत्रसुद्धा पुन्हा बांधायला लावतो. गुरुजी मंत्र थांबवून बसतात. मला ते कधीच पटले नाही, पण घरच्यांना फोटो हवा असतो, नाही म्हटले तर काम जाईल म्हणून करतो.

आत्ताच, पुढच्या लग्नाचे काम दिलेल्या धारच्या एका वधूपित्यांना फोन करून सांगितले, की यापुढे कोणताही विधी फोटोसाठी पुन्हा करायला लावणार नाही.

"अहो भाऊ, आणि फोटो हलला तर?"

"तर हललेलाच देईन, काका. नाही चाललं तर दुसरा फोटोग्राफर बघा."