राष्ट्रपतींचं पाठकोरं पत्र

एका राष्ट्रपतींच्या पत्रामागे मी दोन किलो कांदे लिहिले आहेत. त्यांच्याविषयी माझं मत वाईट आहे असं नाही. शुक्रवारी सकाळी घाई होती, एवढंच.

पत्र माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, वडिलांना आलेलं. ते कोर्टात स्टेनो होते. त्यांचे न्यायाधीशसाहेब उन्हाळी सुट्टीत थंड हवेच्या गावी गेले आणि तिथून त्यांनी स्वतःच्या हातानं हे पत्र धाडलं. साहेब पुढे राष्ट्रपती झाले (नाव लिहीत नाही, कांद्यांशेजारी बरं दिसत नाही). आजेसासरे पुढे काहीच झाले नाहीत, पण त्यांच्याकडे पत्र होतं. "एका मोठ्या निकालाबद्दल साहेबांनी आमच्या वडिलांचं मत विचारलंय," असं आप्पा सांगायचे. पडताळायची सोय नव्हती, कारण साहेबांचं इंग्रजी अक्षर म्हणजे शाईत बुडालेल्या मुंगीनं घर शोधत फिरावं तसं.

यंदा लंडनच्या ईलिंग भागातल्या आमच्या मराठी मंडळानं ज्येष्ठांना घरातला एखादा ठेवा घेऊन बोलायला बोलावलं. रविवार, दुपारी तीन, चर्च हॉल. आप्पा चार वर्षांपूर्वी पुण्याहून आमच्याकडे राहायला आले. तेव्हापासून त्यांना इथे कोणी काही विचारलं नव्हतं. जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, रिसेप्शनिस्टनं जन्मतारीख विचारली, तेवढीच. त्यामुळे आठवडाभर ते हॉलवेमध्ये येरझारा घालत भाषण घोकत होते, आणि मी त्यांना ओलांडून वॉशिंग मशीन लावत होते.

आप्पांचा आमच्या घरात एक कायदा आहे: पाठकोरा कागद टाकायचा नाही. कौन्सिलचं पत्र असो की शाळेचं, मागची बाजू कोरी असली की ते फ्रिजशेजारच्या चिमट्यात जातं आणि पुढे त्यावर वाणसामानाची यादी होते. माझाही एक कायदा आहे: टेबलावर कागद दिसला की उचलायचा. गुरुवारी आप्पा भिंगातून पत्र न्याहाळत होते. चहा प्यायला उठताना त्यांनी ते पालथं ठेवलं. दोन्ही कायदे एकदम लागू झाले.

शुक्रवारी मी चिमट्यातला वरचा कागद ओढला. कौन्सिलनं कागद जरा जाड केलेला दिसतो, असं मनातही आलं. यादी लिहिली, कामावर जाताना रमेशभाईंच्या दुकानात दिली. संध्याकाळी सगळं सामान घरी आलं. मग आप्पा भिंग घेऊन आले.

"वंदना, माझं पत्र कुठे दिसलं का गं?"

सकाळीच रिसायकलिंगची गाडी येऊन गेली होती. माझी मुलगी इरा फटकन म्हणाली, "आई, तू प्रेसिडेंटचा लेटर बिनमध्ये टाकली?"

"मी काहीही टाकलेलं नाही," मी म्हटलं. हे खरं होतं.

शेखरनं, माझ्या नवऱ्यानं, सोफा उलटा केला. दोन रिमोट आणि एक करंजी मिळाली. आप्पा नुसते खुर्चीवर बसत होते आणि उठत होते. तेवढ्यात माझी नजर चिमट्यावर गेली आणि सकाळचा तो जाड कागद आठवला. "दही आणते," म्हणून मी घरातल्या स्लिपर्सवर निघाले. दुकान बंद.

शनिवारी शटर वर गेलं तेव्हा मी खालूनच आत शिरले.

"भाभी, कांदे खराब निघाले?"

"रमेशभाई, कालची यादी द्या."

"तुम्हाला मेथी कमी पडली का?"

"नुसती यादी द्या."

काउंटरवर एक लोखंडी खिळा होता. त्यात आठवडाभराच्या याद्या खोचलेल्या. राष्ट्रपती तिसरे होते, टूथपेस्टच्या खाली. बरोबर मधोमध भोक, आणि मागून दिसणाऱ्या लाल पेनाच्या खुणा.

घरी आल्यावर पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवलं, मागे पांढरा कागद लावला आणि कपाटामागे सापडल्याचं जाहीर केलं. आप्पांनी भिंग लावलं.

"हे भोक कसलं?"

"कसर लागली असेल, आप्पा."

"इतकी गोल?"

"इंग्लंडातली कसर शिस्तीची असते."

रविवारी हॉल भरला होता. आप्पांनी निकालाचा विषय काढला न काढला, तोच निवृत्त जीपी डॉक्टर लेले उठले. "द्या इकडे. चाळीस वर्षं मी स्वतःचं अक्षर वाचलंय." त्यांनी पत्र फोल्डरमधून बाहेर काढलं. माझा पांढरा कागद तरंगत खाली पडला.

डॉक्टर मराठी करून सांगू लागले. "लोकरी मोजे चेंबरच्या खणात राहिलेत, ते पाठवावेत. छत्रीसुद्धा. लोणचं बरणीतून नको, फुटतं."

"पुढे?" आप्पांनी विचारलं. त्यांचा हात खुर्चीची पाठ शोधत होता.

"पुढे सही."

आप्पा एकाएकी खूप म्हातारे दिसले. डॉक्टरांनाही ते दिसलं असावं. "थांबा, निकालाचं मागे असेल," म्हणून त्यांनी पत्र उलटलं आणि त्याच खणखणीत आवाजात वाचलं, "कांदे दोन किलो. मेथी दोन जुड्या. इसबगोल. डिशवॉशरच्या टॅब्लेट्स. आप्पांना भाषण पाच मिनिटांत आवरायला सांगणे." ते थांबले. "सगळ्याला टीक आहे. शेवटच्यापुढे लाल पेनानं लिहिलंय, 'नॉट इन स्टॉक'."

हॉल हसून कोसळला. मी फायर एक्झिटची पाटी वाचत राहिले. बरीच मोठी पाटी होती.

आप्पांनी माईक तोंडाशी घेतला. "डॉक्टर, आमच्या घरात कागद वाया घालवत नाहीत."

मग ते चाळीस मिनिटं बोलले. मोज्यांवर, लोणच्यावर, वडिलांनी ते कसं पाठवलं असेल त्यावर. कोणी उठलं नाही. निकालाचं कोणी विचारलंही नाही.

गाडीत मी म्हटलं, "आप्पा, चुकलं माझं."

"कसर सापडली म्हणायची," ते म्हणाले आणि सीट बेल्ट लावू लागले.

आता पत्र फ्रेममध्ये आहे, हॉलवेमध्ये, यादीची बाजू वर. कोणी आलं की आप्पा त्याला कोटसुद्धा काढू न देता तिथे उभं करतात. "ही आमच्या सूनबाईंची यादी. मागच्या बाजूला एका राष्ट्रपतींनीही चार ओळी लिहिल्यात, पण त्यांचं अक्षर लागत नाही."