श्रीमती सुंदराबाईंना पत्र

अमरावतीत नबीभाईंची फुलांची आडत. झेंडू-शेवंतीच्या ढिगांमागे एक टेबल, आणि त्या टेबलाची राणी अकीला. व्यापाऱ्यांना, शेतकऱ्यांना जाणारी सगळी पत्रं तीच टाइप करायची. 'स.न.वि.वि.' कुणाला, 'महोदय' कुणाला, हे तिला विचारावं. मागं एका विधवा बाईला तिच्या हातून 'सौ.' गेलं होतं. ती बाई पत्र टेबलावर ठेवून निघून गेली. तेव्हापासून बाई कुणीही असो, अकीला 'श्रीमती'च लिहायची. नबीभाई कुरकुरले, तर सरकारी कागद बघा म्हणून तिनं त्यांनाच गप्प केलं.

चांदूर रेल्वेकडचे शेतकरी देवीदास झेंडूची रोपं घेऊन धारणीला निघाले, तेव्हा आडतीवर चहाला थांबले. दसऱ्याच्या मालाचं पत्र या खेपेला बायकोच्या, सुंदराबाईच्या नावानं टाका, मी तिकडंच असेन, असं सांगून जीपमध्ये बसले. अकीलानं पत्र टाकलं आणि विसरली.

आठवडाही झाला नसेल, सुंदराबाई आडतीच्या दारात. सोबत दीर. कपाळ कोरं, हात मोकळे. अकीला खुर्ची द्यायला उठली, तर बाईनं तेच पत्र पुढं धरलं.

"कुठं हायेत ते?"

"कोण, मावशी?"

"तुमाले ठाऊक हाये. म्हणूनच तं लिवलं."

अकीलाला काही उमजेना. मग दीर बोलला, खाली बघत.

"आजवर पत्र दादाच्या नावानं ये. हे वहिनीच्या नावानं आलं, अन् वर श्रीमती. आमच्या गावात नवरा गेलेलीले लावतेत ते."

त्या सालात गावोगावचे कर्ते पुरुष कर्जापायी असेच एकाएकी जीव देत होते, आणि देवीदासांना शेवटचं पाहिलं होतं ते याच आडतीनं. गावात पत्र वाचून दाखवताना पोस्टमन 'श्रीमती'पाशी थांबला होता. बाया जमल्या. सासूनं स्वतः सुनेचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या.

नबीभाईंनी धारणीच्या एका दुकानात फोन लावला, देवीदासांकडं माणूस धाडायला सांगितला. मग नुसती वाट पाहणं. शेवटी फोन वाजला. रिसीव्हरमधून देवीदासांचा खणखणीत आवाज बाहेरपर्यंत आला.

"काहून, भाव पडला काय?"

नबीभाईंनी रिसीव्हर सुंदराबाईच्या हाती दिला. ती म्हणाली, "जेवले काय?" आणि रिसीव्हर दिराच्या हाती देऊन खाली फरशीवर बसली.

अकीला चाचरत म्हणाली, नवं पत्र करून देते, सौ. घालून, सहीशिक्क्यानिशी.

"कागद नको. कागदानंच मारलं त्याहिले. तू चाल. सासू मायी अन्नाले शिवून नाही राहिली. तिच्या पुढ्यात उभी राह्य अन् तोंडानं सांग."

"मावशी, मले मारतीन तिथं."

"मारू दे. मंग तरी पटन तिले."

अकीलानं नबीभाईंकडं पाहिलं. ते तिच्या टाइपरायटरवर कापड टाकत होते.