टिपणीसांच्या घराचा विमा

पद्माकर टिपणीस कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करत नसत. मी जर्मनीत कीलला शिकायला आले तेव्हा माझ्या खोलीचा भाडेकरारसुद्धा त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून ओळ न ओळ वाचला होता. त्यांच्या पत्नी सरलाकाकू शेजारी पोळ्या लाटत होत्या. "अहो, जेवू द्या तिला आधी," त्या म्हणाल्या. काका मान वर न करता म्हणाले, "तनया, खोली सोडताना भिंती तू रंगवून द्यायच्या, असं लिहिलंय इथे. हे खोडून घे." मी खोडून घेतलं.

काका मूळचे कऱ्हाडचे. पुण्यात मेकॅनिकल केलं आणि कीलमध्ये जहाजांच्या इंजिनांवर एकतीस वर्षं काम केलं. निवृत्त झाल्यावर फ्लेन्सबुर्गच्या पुढे, बाल्टिक समुद्राच्या काठी त्यांनी लाल विटांचं एक बुटकं घर घेतलं. दारापासून पाणी चाळीस पावलांवर. त्यांची मुलगी स्वानंदी फ्रँकफर्टला असते. आईबाबांनी तिकडे यावं असं तिला फार वाटायचं. पण काका म्हणाले, आयुष्यभर इंजिनं ऐकली, आता जरा शांत बसू दे.

घराचा विमा त्यांनी अर्थातच नीट वाचून घेतला होता. वादळाने छप्पर उडालं तर भरपाई होती. वाऱ्याने समुद्र घरात लोटला तर नव्हती. त्याचा वेगळा विमा मिळेल का, हेही त्यांनी तेव्हाच विचारलं होतं. कंपनीने कळवलं, या पत्त्यावर नाही. शेजारचे म्हातारे आजीआजोबा चाळीस वर्षं तिथेच राहत होते आणि त्यांच्या अंगणातसुद्धा कधी पाणी आलं नव्हतं. काकांनी त्यावर विश्वास ठेवला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्वेचा वारा सुरू झाला आणि थांबेचना. शुक्रवारी संध्याकाळी दाराखालून पाणी आत आलं. दोघं औषधांचा डबा आणि पासपोर्ट घेऊन वरच्या मजल्यावर जाऊन बसली. खाली पाणी मांडीपर्यंत चढलं, आणि वर कौलं एकेक करून उडत होती. "आम्ही एकमेकांशी बोललोच नाही," काकू मला नंतर म्हणाल्या. "हे नुसते कौलं मोजत होते."

विमा कंपनीचा माणूस आला तो तरुण होता, सभ्य होता. छपराचे त्याने फोटो काढले, नोंदी केल्या. खालच्या खोल्यांत तो बूट घालून चिखलातून फिरला, वाईट वाटल्याचं म्हणाला आणि काहीही न लिहिता गेला. कौलांची भरपाई तीन आठवड्यांत आली. त्यापाठोपाठ दुसरं पत्र आलं: नुकसान झाल्यामुळे कंपनी करार संपवत आहे. तसा हक्क दोन्ही बाजूंना असतो. ते कलम काकांना पाठ होतं.

आता त्या घराला साध्या वाऱ्याचाही विमा उरला नाही. काका दुसरी कंपनी शोधायला लागले. प्रत्येक फॉर्ममध्ये एक प्रश्न असायचाच: आधीच्या कंपनीने करार संपवला होता का? काका खरं तेच लिहायचे, आणि गोष्ट तिथेच संपायची. एका कंपनीने होकार दिला, पण वर्षाचा हप्ता काकांच्या दोन महिन्यांच्या पेन्शनएवढा, शिवाय नुकसानीतला पहिला मोठा वाटा काकांनीच सोसायचा. ते परवडण्यासारखं नव्हतं. फ्लेन्सबुर्गचा विमा एजंट लोरेन्झेन भला माणूस होता. तो म्हणाला, "मिस्टर टिपणीस, आधी घर सुरक्षित करून दाखवा. मग मी पुन्हा सगळ्यांना लिहितो."

हे काकांना जमण्यासारखं काम होतं. त्या हिवाळ्यात त्यांनी तिन्ही दारांना बसतील असे पोलादी तक्ते बनवले, कडेने रबर लावलं. हीटिंगचं यंत्र वरच्या मजल्यावर नेलं. विजेचे प्लगपॉइंट छातीएवढ्या उंचीवर घेतले. छपराचं एकेक कौल तारेने बांधलं. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी ते शिडीवर, आणि काकू खाली शिडी धरून. मार्चमध्ये त्यांनी बागेतली नळी दारावर तासभर सोडली. आत एक थेंब आला नाही. त्या दिवशी काकूंनी शिरा केला आणि काकांनी मला व्हिडिओ पाठवला, त्यात ते हसत होते.

नकाशे, मापं, फोटो असं बाड लोरेन्झेनने नऊ कंपन्यांना पाठवलं. नऊ नकार आले. बहुतेक दोन ओळींचे.

मग त्यांनी मला फोन केला. मी फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला विमा कंपन्यांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या फर्ममध्ये काम करते, हे त्यांना माहीत होतं. "एक विचारू?" ते म्हणाले. "फोटो त्यांनी पाहिले तरी असतील ना? तक्त्यांचं काम नीट कळतंय का त्यात?"

खोटं सांगणं सोपं होतं. पण त्यांनी मला कागद वाचायला शिकवलं होतं. मी म्हटलं, "काका, फोटोपर्यंत कुणी पोचतच नाही. पत्ता टाकला की नकाशात धोक्याचा वर्ग दिसतो. तुमचा वर्ग सगळ्यात वरचा आहे. अर्ज तिथेच बाद होतो."

"म्हणजे कुणी माणूस बघत नाही?"

"नाही."

"अच्छा," ते म्हणाले, "मग मी हे कुणाला समजावत होतो?"

तुझ्या ओळखीत कुणी आहे का, असं ते विचारतील म्हणून मी तयारी करून ठेवली होती. त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी घर विकायला काढलं. हॅम्बुर्गच्या एका जोडप्याला ते इतकं आवडलं की ती दोघं परत दोनदा येऊन गेली. पण त्यांच्या बँकेने सांगितलं, विमा नसलेल्या घरावर कर्ज नाही. मागाहून आलेल्या लोकांचंही तेच झालं. वर्षभराने लोरेन्झेननेच काकांना जाहिरात काढून टाकायला सांगितलं. इतके दिवस पडून राहिलेलं घर बघायलाही कुणी येत नाही म्हणाला.

भिंतींत ओल राहिली होती. काकूंचा खोकला जाईना, तेव्हा स्वानंदी येऊन त्यांना फ्रँकफर्टला घेऊन गेली. काका म्हणाले, घर असं उघड्यावर टाकून कसा येऊ?

गेल्या दिवाळीला ते स्वानंदीकडे आले. लहानशी बॅग होती, दोन शर्टांची. फराळ केला, नातवाशी बोलले. तो जर्मनमधून उत्तरं देत होता आणि काका मराठीत विचारत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फोनवर हवामान बघितलं: तिकडे पुन्हा पूर्वेचा वारा सुटणार होता. काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही तिथे असलात तर वारा थांबणार आहे का?"

"नाही," काका म्हणाले.

"मग?"

संध्याकाळी त्यांनी तिकीट काढलं. सकाळी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. काकू जिन्यापर्यंतही आल्या नाहीत.